धक्का कोणाचा?



पत्रिकेवर ‘बास्केटबॉल : इतिहास आणि नियम’ असं छापलंय. १८९१ साल, स्प्रिंगफिल्ड, खेळ शोधणारे नेस्मिथ मास्तर, पीचच्या टोपल्या... तुम्हाला ठाऊकच आहे. झाला इतिहास! (हशा) मला एकच सांगायचंय : पडलेला खेळाडू निर्दोष असतोच असं नाही.

नेस्मिथच्या १३ नियमांत ढकलणं, धरणं, पाय घालणं यांना बंदी होती. त्यावरून लोकांना वाटतं, अंगाला अंग लागलं की फाऊल. अहो, २८ बाय १५ मीटरच्या मैदानात दहा जण पळणार, अंग लागणारच! पंच दोनच गोष्टी बघतो. जागा नियमानं कोणी घेतली होती? आणि धक्क्यानं कोणाचा अन्याय्य फायदा झाला?

प्रत्येक खेळाडूभोवती एक न दिसणारं नळकांडं असतं : पुढे तळहातांपर्यंत, मागे बुडापर्यंत, बाजूंना हातापायांच्या कडेपर्यंत, आणि वर सरळ. कार्यवाह, जरा उभे राहता? हात वर. सरळ! आता मी यांच्यावर उडी घेतली आणि आपटलो, तर फाऊल माझा. यांनी हात माझ्याकडे झुकवून मला अडवलं, तर यांचा. बसा. नको, अजून उभेच राहा. (हशा)

प्रेक्षकांची आवडती आरोळी म्हणजे ‘तो हलत होता!’ आपल्या अक्कलकोटात ती मराठीतही येते आणि कानडीतही. (हशा, टाळ्या) मी पंच असलेल्या एका शालेय सामन्यात बचाव करणारा मुलगा आधी दोन्ही पाय टेकवून समोर उभा राहिला, मग बाजूला सरकत राहिला. चेंडूवाला थेट त्याच्या छातीवर आदळला. दोघेही पडले. मी चेंडूवाल्याला फाऊल दिला. त्याचे वडील पाण्याची बाटली घेऊन मैदानातच! ‘पोराच्या कोपरातून रक्त येतंय, दिसत नाही?’ म्हटलं, रक्त खरं आहे, फाऊलही त्याचाच. मग काका आले, मग मामा आले. नियम म्हणतो, एकदा जागा घेतली की बाजूला किंवा मागे सरकायला, सरळ वर उडी मारायला मुभा आहे. हे मी मामांपर्यंत तीनदा समजावलं. त्यांनी चौथ्यांदा विचारलं, ‘पण तो हलत होता ना?’ (मोठा हशा)

मागून प्रश्न आलाय : पंच घरच्या संघाला झुकतं माप देतात का? प्रश्नोत्तरं शेवटी होती ना? बरं. पंचालाही कान असतात, आरोळी ऐकू येते. पण मोठ्या सामन्यांना तीन पंच असतात आणि प्रत्येकाचा टापू ठरलेला असतो. आणि शिट्टी न वाजवणं हाही निर्णयच आहे. तुम्ही त्याला डुलकी म्हणता!

चिठ्ठी आली. दोन मिनिटं. मुंबईतल्या नागपाड्याच्या बास्केटबॉलवर बोलायचं होतं, अर्जुन पुरस्कारविजेते बास्केटबॉलपटू अब्बास मुंतसीर यांच्यावर बोलायचं होतं. राहिलं. निदान उरलेले नियम सांगतो : चेंडू नसलेल्याला अडवताना एक-दोन पावलांचं अंतर द्यावं लागतं, चेंडूवाल्याला ते द्यावं लागत नाही. हवेत असलेल्याच्या खाली मात्र ऐनवेळी घुसायचं नाही. बास्केटखालच्या ज्या अर्धवर्तुळात धक्क्याचा नियम बदलतो, त्याचं बोलायला वेगळी संध्याकाळ लागेल.

पुढचा सामना बघाल तेव्हा चेंडू सोडा, बचाव करणाऱ्याचे पाय आणि छाती बघा. मग पंचाला शिव्या द्या, पण योग्य कारणासाठी. कार्यवाह, आता बसा. (टाळ्या)