उन्हाळी संमेलन आणि मैदानी खेळ

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या दिवेआगर येथील उन्हाळी कुटुंबसंमेलनात वैशाखी पौर्णिमेस केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी ‘मैदानी खेळांचे महत्त्व’ या विषयावर दहा मिनिटे बोलण्याची आम्हांस आज्ञा केली आहे. आम्ही मॅट्रिक झालेले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आज्ञा पाळण्याची आम्हांस सवय आहे. परंतु महत्त्व सांगण्यात काही अर्थ दिसत नाही. खेळाने शरीर सुदृढ होते व मन प्रसन्न राहते, हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे निबंधाच्या वह्यांत तपासले आहे, आणि ते लिहिणाऱ्या मुलाचे लक्ष बहुधा घंटेकडे असे. तेव्हा महत्त्व बाजूस ठेवून, आज सायंकाळी येथे जे खेळ व्हावयाचे आहेत ते केव्हा, कोणते आणि मुख्यत्वे कोणी खेळावेत, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहो. दिवेआगरच्या भाषणात शके ९८२ च्या मराठी ताम्रपटाचा उल्लेख झालाच पाहिजे असा रिवाज आहे. तो येथेच उरकून घेतो.

प्रथम ‘केव्हा’. या गावास देवाने जे मैदान दिले आहे ते मोठ्या शहरांतील श्रीमंत संस्थांच्याही नशिबी नाही. सुरूच्या बनापलीकडे कित्येक किलोमीटर पसरलेली ही पुळण ओहोटीस अशी घट्ट होते की, अनवाणी पावलाचा ठसा उमटतो, पण पाय रुतत नाही. पडले तरी गुडघा फुटत नाही. मात्र या मैदानाचा मालक समुद्र असून तो आपल्या घड्याळाप्रमाणे जागा मोकळी करून देतो. ते घड्याळ आपल्या पूर्वजांस वाचता येत होते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरील जुना हिशेब. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे ऐन संध्याकाळी भरती, आणि मुले मंडपात पत्ते कुटीत बसलेली. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारी, आणि पुढे सहा तासांनी ऊन कलते तेव्हा पूर्ण ओहोटी. शिवाय पौर्णिमा-अमावास्येस उधाण असल्यामुळे पाणी जितके वर चढते तितकेच दूरवर मागे हटते. मुंबईकर मंडळी संमेलनाची तारीख ठरविताना रविवार पाहतात. आमची विनंती अशी की, आधी पंचांग पाहावे आणि मग रविवार. यंदा तिथी साधली आहे. सूर्य बुडतो न बुडतो तोच मागे पोफळींवरून चंद्र वर येईल आणि दिव्यांचा खर्चही वाचेल.

खेळांच्या यादीत कोणी संगीतखुर्ची व चमचा-लिंबू घातले आहे. लहानग्यांसाठी ते ठीक आहेत. पण अशा वाळूवर आट्यापाट्या न खेळणे म्हणजे हापूसच्या दिवसांत घरी पाहुण्यास बाटलीतील सरबत देणे होय. नऊ आडव्या पाट्या, त्यांना मधोमध छेदणारी सूरपाटी, एका बाजूस नऊ गडी. एका बाजूने पाट्या राखावयाच्या आणि दुसऱ्या बाजूने हूल देत त्या ओलांडून परत यावयाचे. साहित्य काही नाही. चेंडू नको, जाळी नको. राखेच्या चार रेघा पुरतात. यातील ‘लोण’ हा शब्द काही जण लवणाशी, म्हणजे मिठाशी जोडतात. आपल्या बोलीत आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग आणि आगर म्हणजे मिठागरही. तेव्हा मिठाच्या वाफ्यांसारख्या आखलेल्या या पाट्या किनाऱ्यावरील माणसास परक्या वाटू नयेत.

हे खेळ गावंढळ, अशी समजूत असणारे काही पालक समोर बसले आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात खो-खोचे नियम बांधण्यास १९१४ साली आरंभ झाला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी आपले देशी खेळ करून दाखविले. आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तीत भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. दोन्ही संघांचे नायकपद महाराष्ट्राकडे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्याकडे. मुलीस ‘उन्हात काळी होशील’ म्हणून ओसरीवर बसविणाऱ्या आयांनी हे दुसरे नाव ध्यानात ठेवावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही बोलावयास उभे राहिलो तीकडे वळतो. यंदाच्या पत्रकात खेळांच्या यादीखाली एक ओळ छापली आहे : ‘स्पर्धा फक्त ज्ञातीतील मुलामुलींसाठी.’ ही ओळ कशी आली हे आम्ही जाणतो. गेल्या वर्षी लंगडीचा चषक शेजारच्या आळीतील एका मुलाने नेला. चषक ज्ञातीच्या निधीतून आणलेला, तेव्हा तो ज्ञातीतच राहावयास हवा होता, अशी तक्रार दोन-तीन पालकांनी केली. ती करणारी मंडळी मनाने वाईट नाहीत. त्यांची मुले वर्षातून चार दिवस येथे येतात, आणि हरून रडवेली परत जातात याचे त्यांस वाईट वाटते.

चालकांचे दुसरे म्हणणे अधिक विचार करण्याजोगे आहे. ते म्हणतात, संमेलन कशासाठी? ठाणे, पुणे, नाशिक, बडोदे येथे विखुरलेल्या आपल्या मुलांनी एकमेकांस ओळखावे यासाठी. सगळ्या गावास मैदान खुले केले तर आपली मुले गर्दीत हरवतील. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ओळखी करून देण्यास मंडप आहे, पंगती आहेत, कुलवृत्तान्ताची चर्चा आहे, आणि विवाहेच्छूंची वहीदेखील त्या कोपऱ्यातील टेबलावर आहे. तेथे नावे नोंदविण्यास शेजारी कोणी येणार नाहीत. शिष्यवृत्तीचा निधी ज्ञातीचा. तो ज्ञातीतील गरजू मुलांस द्यावा, त्याविषयी आमचा वाद नाही. वाळू मात्र कोणत्याही निधीतून आणलेली नाही.

शिवाय साधे अंकगणित पाहा. आट्यापाट्यांस अठरा गडी लागतात. आपल्या आळीतील घरे मोजली तर निम्म्यांस कुलूप आहे; काही घरांत पर्यटकांची सोय केली आहे. बारमाही येथे राहणारी आपली खेळण्याच्या वयाची मुले किती, हे आम्ही काल मोजले : सात. पाहुणे धरून अठरा होतीलही. पण पाटी म्हणजे काय हे त्यांतील कितीकांस ठाऊक? ज्यांस ठाऊक आहे ती मुले कोळी, आगरी, कुणबी आणि मुसलमान घरांतील आहेत. ती रोज या वाळूवर खेळतात. त्यांना बाहेर ठेवले तर शिकविणार कोण? आम्ही? आमचे गुडघे आता मंडपाच्या खुर्चीपुरतेच उरले आहेत.

मैदानावर जातीच्या रेघा आखण्याचा प्रयोग या प्रांतात पूर्वी होऊन गेला आहे. मुंबईस हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे धर्मवार क्रिकेटचे संघ असत. हिंदूंच्या संघात पळवणकर बाळू हा त्या काळचा थोर गोलंदाज होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक गडी बाद केले. तो चांभार समाजातला. पुण्यास त्याने हातात घेतलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलीत, आणि चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर वेगळा चहा देत. चेंडूस विटाळ नाही, कपास आहे! हे गणित आम्ही वर्गात कधी सोडवू शकलो नसतो. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ साली त्याच हिंदू संघाचा नायक झाला आणि संघ जिंकला. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे त्याचे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. संस्थेच्या वाचनालयाने ते मिळवावे. धर्मवार सामन्यांस गांधीजींनी १९४० साली उघड विरोध केला आणि १९४६ नंतर ते सामने झाले नाहीत. आपल्या लंगडीच्या स्पर्धेस एवढा इतिहास कशास, असे कोणी म्हणेल. पत्रकातील ती ओळ वाचताना आम्हांस तो चहाचा कप आठवला, म्हणून सांगितला.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्याच आसपास किनाऱ्यावर चढले. दुपारच्या काही तासांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या भुईसपाट झाल्या. नारळी मुळासकट उपटल्या आणि पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. टाळेबंदीचा तो काळ. आपली मुंबई-पुण्याची मंडळी इच्छा असूनही लगेच येऊ शकली नाहीत. आमच्या घराच्या दारात तीन माड आडवे पडले होते आणि आत आम्ही दोघे म्हातारे. ते माड ज्यांनी कोयती-कुऱ्हाडी आणून तोडले, विहिरीतील झावळ्या उपसल्या आणि पाट मोकळे केले, त्यांपैकी एकही ज्ञातीतील नव्हता. मजुरीचे बोलणे काढले तेव्हा त्यांतील एकाने ‘गुरुजी, मग बघू’ एवढेच उत्तर दिले. त्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळींस आता कोठे शिपुटे येऊ लागली आहेत. ‘मग’ अद्याप आलेले नाही. मात्र त्या माणसांची मुले या क्षणी मंडपाच्या कनातीबाहेर उभी आहेत. अध्यक्षमहाराजांनी मान वळविली तर त्यांस ती दिसतील. पत्रक त्यांनीही वाचले आहे. वाचावयास त्यांना आम्हीच शिकविले.

म्हणून आमच्या सूचना अशा आहेत. चषक यंदापासून बंद करावा. खेळणाऱ्या प्रत्येकास, जिंको वा हरो, आपल्या वाडीतील एक शहाळे द्यावे. त्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही आणि तक्रार करण्यापूर्वीच ते संपते. गट पाडताना चिठ्ठ्या टाकाव्यात, म्हणजे ठाण्याचा मुलगा व कोळीवाड्याचा मुलगा एका पाटीवर येतील. ध्वनिक्षेपक तीन तास विश्रांती घेईल तर बरे. खो देणाऱ्याचा आवाज ऐकू आला पाहिजे.

आणि भगिनीवर्गाविषयी. सायंकाळी दोनशे पानांसाठी उकडीचे मोदक करण्याचा बेत आहे असे कळते. मोदक आम्हांसही प्रिय आहेत. पण त्या बेतामुळे पंधरा-वीस बायका चार वाजल्यापासून चुलीपाशी अडकतील आणि त्यांच्या मुली नारळ खवीत बसतील. आज रात्री पिठले-भात आणि आंब्याची फोड पुरे. तीही पुरुष मंडळींनी वाढावी. आमच्या वयाच्या कित्येक बायका माहेरी लंगडीत कोणास आटोपत नसत. त्यांतील एकीशी आमचा संसार झाला असल्यामुळे हे विधान आम्ही खात्रीने करू शकतो.

पत्रकातील ती ओळ खोडण्याचा अधिकार आमचा नाही. तो कार्यकारी मंडळाचा आहे. मंडळाचे सभासद येथे समोरच आहेत आणि त्यांच्या खिशांस लेखण्या आहेत. आता साडेचार झाले. पाणी सुरूपासून बरेच मागे गेले आहे, पण वाळूवर पर्यटकांच्या मोटारी फिरत आहेत. चौघा तरुणांनी पुढे जाऊन त्यांस नम्रपणे जागा मोकळी करावयास सांगावे. चुलीजवळ दोन घमेली राख काढून ठेवली आहे. पाट्या आखण्यास माणसे हवीत. बाहेर जी मुले उभी आहेत त्यांना मापे ठाऊक आहेत. अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा असेल तर त्यांनाच आत बोलवावे.