दिवा विझवला म्हणजे ब्रेक दुरुस्त झाला नाही

(मोटारचालक व मेल मोटार बंधूंच्या सभेत शाखा सचिवांनी केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर महागाई भत्ता नाही, बदल्याही नाहीत. विषय आहे मोटारीच्या डॅशबोर्डवरचा एक दिवा. मागे बसलेले काही जण हसले, ते आम्ही पाहिले. पण याच दिव्यापायी आपल्या एका ड्रायव्हर बंधूच्या पगारातून वसुली निघाली होती. ते प्रकरण लढताना, रेल्वेत तीस वर्षे काढलेल्या आम्हाला मोटारीचा ब्रेक नव्याने शिकावा लागला.

इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरणारा थळ घाट रेल्वेच्या माणसाला सांगायला नको. सदतीस फुटाला एक फूट उतार. गाडी उतरते तेव्हा कॅरेज-वॅगनच्या माणसांनी ब्रेक तपासलेला असतो आणि सह्यांचे ब्रेक पॉवर सर्टिफिकेट लोको पायलट आणि गार्ड यांच्याजवळ असते. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या तोंडी अजून गार्डच बसले आहे.) शेजारच्या सडकेने त्याच घाटातून कार्यालयाची मोटार उतरते. तिच्या ड्रायव्हरजवळ असा कागद नसतो. त्याच्याजवळ असतो तो फक्त दिवा.

आपल्या बंधूच्या मोटारीत पिवळा दिवा लागला. गोल, आणि त्याच्या दोन्ही अंगांना तुटक रेघांचे कंस. हा दिवा ब्रेक पॅड झिजल्याचा. त्याने तोंडी सांगितले. मोटार गॅरेजला गेली, तासाभरात परत आली, दिवा विझलेला. पंधरा दिवसांनी डाव्या पुढच्या चाकातून करकर आवाज येऊ लागला. तेही त्याने तोंडीच सांगितले. उत्तर मिळाले, दौरा होऊ द्या, मग बघू. दौऱ्यात घाट उतरताना ब्रेक दाबला आणि मोटार उजवीकडे ओढली जाऊन कठड्याला घासली. माणसे बचावली, पत्रा गेला. चार्जशीटमध्ये लिहिले, ड्रायव्हर सतत ब्रेकवर पाय ठेवून चालवतो म्हणून पॅड संपले.

आता हा दिवा लागतो कसा ते पाहू. पॅडच्या आत एक बारीक तार बसवलेली असते. नव्या पॅडचा मसाला साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. झिजून दोन-तीन मिलिमीटर राहिला की तार डिस्कला घासते. काही गाड्यांत ती डिस्कला टेकताच दिवा लागतो, काहींत ती तुटली की लागतो. म्हणजे तार दगडाने, उंदराने किंवा ओढाताणीत तुटली तरीही दिवा लागतो, पॅड नवे असले तरी. म्हणून दिवा दिसला की पॅड संपलेच असे नाही. पण पॅड पाहिल्याशिवाय तारेला दोष देणे हेही बरोबर नाही. आणि पाहायचे तर चाक उतरवून, आतले आणि बाहेरचे दोन्ही पॅड.

या मोटारीत हेच झाले नाही. आम्ही आग्रह धरून संयुक्त पाहणी करायला लावली. चाक उतरवले. बाहेरच्या पॅडवर सहा मिलिमीटर मसाला शिल्लक होता. आतल्या पॅडवर मसाला नव्हताच, लोखंडी पाटी थेट डिस्कवर घासत होती. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या होत्या, त्यामुळे सगळे काम आतला पॅड एकटाच करत होता. दिवा खरा होता. गॅरेजच्या माणसाने चाकाच्या फटीतून डोकावून बाहेरचा पॅड पाहिला, ‘पॅड चांगला आहे, सेन्सर खराब’ असे ठरवले आणि सेन्सरची दोन टोके एकमेकांना पिळून टेप मारली. ती पिळलेली तार आम्ही सगळ्यांसमोर दाखवली. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड सारखे झिजलेले होते. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवून मोटार चालवली असती तर चारही पॅड संपले असते, एकच कसा संपला? या प्रश्नाला समोरून उत्तर आले नाही.

दुसरा दिवा लाल, गोलात उद्गारचिन्ह. हा हँडब्रेक ओढलेला असला तरी लागतो. हँडब्रेक पूर्ण सोडूनही तो गेला नाही तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहा. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि डबीतली पातळी खाली जाते. म्हणून तेल कमी दिसले की वरून ओतून मोकळे होऊ नका. कुठे गळत नसेल तर पॅड मोजा. नुसते ओतले तर दिवा विझतो, झिजलेले पॅड तसेच राहतात आणि पुढे नवे पॅड बसवताना ते तेल डबीबाहेर सांडते. ते रंगही उडवते. पेडल मात्र खाली बसत असेल तर मोटार जागची हलवायची नाही, मागे साहेब बसलेले असोत नाहीतर टपालाच्या थैल्या.

आपल्या पुष्कळ जुन्या गाड्यांत पॅडचा दिवाच नाही. तिथे पॅडला एक पत्र्याची जीभ असते, पॅड संपत आला की ती डिस्कला लागून किंचाळते. त्या आवाजावर रेडिओ मोठा करणारेही आम्हाला भेटले आहेत. आणि दिवा असलेल्या गाड्यांतही सेन्सर बहुधा प्रत्येक पॅडला नसतो, एखाद-दुसऱ्या चाकालाच असतो. दिवा लागला नाही म्हणून सगळे ठीक, असे धरून चालू नका.

वसुलीचा आदेश मागे घेतला गेला. पण सात महिने लागले, कारण आपल्या बंधूने दोन्ही वेळा तोंडी सांगितले होते. लॉगबुकात एक ओळ असती तर प्रकरण सात दिवसांत संपले असते. तार पिळणाऱ्याला आणि ‘दौरा होऊ द्या’ म्हणणाऱ्याला आजवर कोणी काही विचारलेले नाही, ते पत्र आमचे अजून उत्तराविना आहे.

टेबलावर आम्ही एका पानाचा नमुना ठेवला आहे. कोणता दिवा, रंग कोणता, तारीख, किलोमीटर, कोणाला सांगितले, गॅरेजने चाक उतरवले की नाही, आतला पॅड किती, बाहेरचा किती. गॅरेजहून मोटार परत आल्यावर शेवटचे दोन रकाने भरल्याशिवाय ताब्यात घेऊ नका, आणि जुने पॅड मागून घ्या. चहा झाल्यावर प्रत्येकाने पाच-पाच पाने न्यावीत. मेल मोटारवाल्यांनी दहा न्यावीत, त्यांच्या गाड्या जास्त आहेत.