पाळीतील पोटदुखी आणि औषधांची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हा विषय चारचौघींत बोलण्याचा नाही, असे काहींना वाटेल. पण न बोलल्याने दुखणे थांबत नाही. आपल्या महाळुंग्यातील लेकीसुना त्या दिवसांतही ओटीपोट धरून कंपनीत आठ-आठ तास उभ्या राहतात, आणि घरी आल्यावर ‘बाईच्या जातीला हे सोसायचेच’ असे ऐकतात. ते खरोखर सोसायलाच हवे काय?

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. त्यामुळे गर्भाशय आवळते व कळ येते. पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारा पदार्थ असतो, हे पिकल्स या इंग्रज संशोधकाने १९५७ साली दाखविले. तेव्हा मुलीची कळ हे नाटक नव्हे. मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन ही औषधे हेच द्रव्य कमी करतात.

आता औषधाचा गुण ठरवायचा कसा? ही कळ बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते. मग ओवा घेतलेली म्हणते ओव्याने थांबली, अंगारा लावलेली म्हणते अंगाऱ्याने. म्हणून संशोधक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे स्त्रियांचे दोन गट पाडतात. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती दिली, हे शेवटपर्यंत गुप्त ठेवतात. अशा ८० चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली निघाला. नुसत्या गोळीने शंभरात १८ जणींना बरा आराम पडला, तर औषधाच्या गोळीने ४५ ते ५३ जणींना. म्हणजे औषध खरे आहे, पण सर्वांना लागू पडत नाही. आपला जुना शेकही परीक्षेत उतरला आहे. २००१ साली अमेरिकेतील एका चाचणीत पोटावरील गरम पट्टीने आयब्युप्रोफेनइतकाच आराम दिला.

पाळीपुरत्या घेतलेल्या या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, हा समज निराधार आहे. मात्र त्या दुकानातून मनाने आणू नयेत. पोटात व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना सांगावे. मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित ताप, पुरळ अशी गंभीर प्रतिक्रिया येते, असा इशारा ३० नोव्हेंबर २०२३ रोजी भारतीय औषधकोश आयोगाने दिला आहे. तसे दिसताच गोळी थांबवून दवाखाना गाठावा.

गोळीनेही कळ हटत नसेल, वर्षागणिक वाढत असेल, तर एंडोमेट्रिओसिससारखा विकार असू शकतो. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने त्यावर संशोधन हाती घेतले आहे.

दुखणे दडपले की काय होते, ते बीडमध्ये दिसले. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कामावर खाडा पडला की मजुरी बुडते. त्यात कोणी ‘पिशवी काढली की कटकट गेली’ म्हटले, की बाई तयार होते. पण काढलेली पिशवी परत बसत नाही.

भगिनींनो, माझे मागणे थोडकेच आहे. लेकीच्या पाळीच्या तारखा व दुखण्याचे दिवस दिनदर्शिकेवर मांडून ठेवा. ते घेऊन तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रिया सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखविल्याशिवाय होकार देऊ नका. आणि कोणी नवे औषध आणून दिले, तर ‘याची परीक्षा कोणावर, कशी झाली?’ एवढे विचारायला लाजू नका.