भाकरी थापणारीसाठीही नियम होते

मी तुमची सहयोगिनी बोलतेय.

२०२१ मध्ये १५ ऑगस्टपासून हॉटेलं, धाबे, खानावळी रात्री १० पर्यंत उघड्या ठेवायला शासनानं परवानगी दिली होती. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी धाब्यावर भाकरी थापायला, भांडी घासायला जातात. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये नुसतं पार्सल चालू होतं, तेव्हा पहिल्यांदा घरी बसवलं ते भांडीवालीला. पार्सलला ताट लागत नाही ना! त्यामुळे हे नियम आपणही ऐकून घेऊ या.

निम्मीच गिऱ्हाइकं बसवायची, शेवटची ऑर्डर ९ वाजता घ्यायची, एवढं तर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. आपल्या पोटाशी गाठ असलेला नियम दुसराच होता. तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाचे लसीचे दोन्ही डोस झालेले पाहिजे होते, आणि दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस गेलेले पाहिजे होते. प्रत्येक म्हणजे परसात भांडी घासणारीसुद्धा.

आता बोटांवर मोजा. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर ठेवायचं होतं. समजा, एखादीनं २० जुलैला पहिला डोस घेतला. दुसरा मिळायचा १२ ऑक्टोबरला. वरचे १४ दिवस धरले की २६ ऑक्टोबर. म्हणजे दिवाळी आठ-नऊ दिवसांवर आलेली असायची, तेव्हा ती कामावर. कोवॅक्सिनवालीला अंतर २८ दिवसांचं, तिचं लवकर व्हायचं. पण लस निवडायला आपल्याला कोण विचारत होतं? अठरा वर्षांवरच्यांना लस १ मेपासून खुली झाली आणि त्याच महिन्यात तुटवडा पडून राज्यात थांबली. उशीर झाला तो बाईच्या आळसानं नाही, हे मालकाला स्पष्ट सांगायला हवं होतं. माझं म्हणणं आहे, नियम बरोबर होता, पण त्याची झळ एकट्या मजुरीवालीनं का सोसायची?

म्हणून प्रत्येक गटानं तेव्हा बैठकीत एक यादी करायची होती. कोण कुठं कामाला जाते, पहिला डोस कधी झाला, दुसरा कधी येतो. ज्यांचे दोन्ही झाले होते त्यांनी तेव्हा बदलीवर जायचं आणि जिची जागा आहे तिची वेळ आली की ती तिला परत द्यायची. हे मालकासमोर बोलून ठेवायचं. बाहेरची बाई एकदा लागली, की जागा गेलीच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट तापाची. केंद्राच्या आरोग्य खात्यानं जून २०२० मध्येच सांगितलं होतं, की लक्षणं नसलेल्यांनाच हॉटेलात कामावर घ्यायचं. गरोदर बाई, वयस्कर बाई, यांना गिऱ्हाइकांच्या थेट संपर्कातलं काम शक्यतो द्यायचं नव्हतं. स्वयंपाकघरातही अंतर ठेवायचं होतं. चांगलंच होतं. पण अंग कसकसत असताना घरी राहिलं तर त्या दिवसाचा रोज कोण देणार? एप्रिल २०२१च्या राज्याच्या आदेशात कारखान्यातल्या आणि बांधकामावरच्या कामगारांसाठी लिहिलं होतं, की कोरोना झाला म्हणून कामावरून काढायचं नाही, पगारी रजा द्यायची. हॉटेलवाल्यांच्या मुद्द्यांत तसं वाक्य नव्हतं. मग रोज बुडेल म्हणून बाई ताप लपवते, गोळी खाऊन चुलीपुढं बसते. तिच्या शेजारी चौघी असतात, आणि घरी सासू.

हा प्रश्न आपण ग्रामसंघात मांडू. तोवर आजारी पडलेल्या बाईला गटातून बिनव्याजी उचल देता येते का, ते ठरवा. आपलाच पैसा आहे, ठराव लिहिला की झालं.

मास्क मालकाकडून मागून घ्या. धुरात, वाफेत तो ओला होतो आणि ओला मास्क कामाचा नाही, म्हणून दोन तरी लागतात. फरशी, कड्या पुसायचं हायपोक्लोराइट पिठाच्या परातीपासून लांब ठेवा.

शेवटचं, प्रमाणपत्र. लसीच्या वेळी दिराचा नाहीतर मुलाचा मोबाईल नंबर दिला असेल, तर त्याच नंबरवर ते निघायचं. कागदावर काढून जवळ ठेवायचं. नाव आधारसारखं आहे ना, बघायचं. माहेरचं नाव पडलं असेल तर कोविनवर तेव्हा दुरुस्ती करता यायची, पण ती एकदाच. म्हणून घाई नको, आशाताईंना सोबत घेऊन बसायचं.