आधी चौक, मग हिशेब



 युरोपभरातल्या लेखापालांची ही परिषद फ्लॉरेन्समध्ये घ्यायची असं ठरलं तेव्हा इथे राहणाऱ्या आम्हा मूठभर मराठी माणसांत लेखापाल एकही नव्हता, उत्साह मात्र चिकार होता. स्वागताध्यक्षपद माझ्याकडे आलं ते वयामुळे, आणि व्हिया देइ सेर्वी या रस्त्यावर माझं चामड्याच्या पिशव्यांचं दुकान आहे त्यामुळे. दुकानाचा जमाखर्च एक इटालियन बाई पाहतात आणि दर वर्षी पावत्यांवरून माझी खरडपट्टी काढतात. तेव्हा आपल्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. गावाविषयी बोलण्याचा आहे, आणि तो मी पुरेपूर वापरणार आहे. संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत. त्यांनी घड्याळ खिशात ठेवावं.

घुमट, डेव्हिड, जुना पूल हे सगळं आपण पाहालच. तिथे छत्री उंच धरून पुढे चालणारे मार्गदर्शक पुष्कळ आहेत. मी सांगणार आहे माझ्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या चौकाबद्दल. त्याचं नाव पियाझ्झा देल्ला सान्तिस्सिमा अन्नुन्झियाता. जीभ अडखळली तर नुसतं अन्नुन्झियाता म्हणा, टॅक्सीवाल्याला कळतं. दुकानाच्या दारात उभं राहून एकीकडे मान वळवली की ब्रुनेलेस्कीचा घुमट दिसतो. दुसरीकडे वळवली की चौकातला घोड्यावरचा ड्यूक. आणि त्या ड्यूकच्या उजव्या बाजूला जी लांबलचक ओवरी आहे, तीही ब्रुनेलेस्कीचीच. रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकाच माणसाचं काम, आणि मधे आमचं दुकान. भाडं परवडत नाही, तरी सोडवत नाही.

ही ओवरी ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्तीची, म्हणजे टाकून दिलेल्या मुलांसाठी बांधलेल्या आश्रमाची. माझं खरं प्रेम या संस्थेवर, आणि चौकातलं बाकी सगळं मला तिच्या आजूबाजूला येऊन बसल्यासारखं वाटतं. हिची सुरुवात झाली ती एका हिशेबी माणसाच्या मृत्युपत्रातून. शेजारच्या प्रातो गावचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी. 1348च्या प्लेगात आईवडील गेले, पोरका पोर पुढे आविन्यॉंला जाऊन गब्बर झाला. त्याच्या वह्या आजही प्रातोत जपून ठेवल्या आहेत. पाचशेच्या वर हिशेबवह्या आणि दीड लाखाच्या आसपास पत्रं, त्यांत द्विनोंदी पद्धतीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी काही. ही पद्धत मांडणारं पाचोलीचं पुस्तक आलं 1494 मध्ये, आणि हा गृहस्थ 1410 साली वारलासुद्धा. वहीच्या माथ्यावर तो देवाचं नाव घालायचा आणि त्याच्या जोडीला नफ्याचंही. आपल्याकडच्या पेढीवरचं ‘शुभ लाभ’ आठवलं ना? बहुतेक मालमत्ता त्यानं प्रातोच्या गरिबांना दिली, आणि फ्लॉरेन्समध्ये बेवारस मुलांसाठी घर व्हावं म्हणून 1000 फ्लोरिन ठेवले.

ते काम पुढे रेशीम व्यापाऱ्यांच्या संघानं अंगावर घेतलं आणि 1419 मध्ये ब्रुनेलेस्कीकडे सोपवलं. तो मूळचा सोनार, आणि सोनार त्या वेळी रेशीम संघातच मोडत. म्हणजे काम घरच्याच माणसाला गेलं. आजच्या भाषेत निविदा न काढता. लेखापरीक्षकांनी शेरा मारावा, पण इमारत एकदा पाहून मारावा. नऊ कमानी, सडपातळ गोल खांब, आणि दर दोन खांबांमागे एक छोटं घुमटाकार छत. दोन खांबांमधलं अंतर, खांबाची उंची आणि ओवरीची खोली, तिन्ही मापं जवळजवळ सारखी. त्यामुळे आत उभं राहिलं की एकामागे एक चौकोनी पेट्या मांडल्याचा भास होतो. पांढऱ्या गिलाव्यावर राखाडी पिएत्रा सेरेना दगड, बस्स, बाकी रंग नाही. संगमरवराच्या या गावात एवढा साधेपणा तोवर कुणाला सुचला नव्हता. घुमटाच्या कामात अडकल्यामुळे म्हणा किंवा संघाशी न पटल्यामुळे, ब्रुनेलेस्की 1427 च्या सुमारास यातून बाजूला झाला, आणि उरलेलं काम दुसऱ्यांनी केलं. कुठे कुणाचा हात आहे यावर अभ्यासक अजून भांडतात. आपण भांडू नये.

1445च्या जानेवारीत दार उघडलं आणि 5 फेब्रुवारीला पहिलं मूल आलं. मुलगी. त्या दिवशी संत आगाताचा सण, म्हणून तिचं नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा. लेखापालांना आवडेल अशी गोम इथे आहे. दप्तरात तिच्या नोंदीवर साल 1444 आहे! नोंद बरोबर आहे, कारण फ्लॉरेन्सचं वर्ष 1 जानेवारीला नव्हे, 25 मार्चला सुरू व्हायचं. 25 मार्च म्हणजे देवदूतानं मेरीला येशूच्या जन्माची बातमी दिली तो दिवस, आणि या चौकातलं अन्नुन्झियाताचं देऊळ नेमकं त्याच प्रसंगाचं. 1750 पासून तोस्कानात सरकारी वर्ष जानेवारीत गेलं, पण 25 मार्चला मिरवणूक अजूनही या चौकात येते. इंग्लंडचंही वर्ष 1752 पर्यंत असंच 25 मार्चचं होतं. दिनदर्शिका सुधारताना अकरा दिवस पुढे सरकले, आणि त्यांचं करवर्ष शेवटी 5 एप्रिलला संपायला लागलं. लंडनहून आलेल्या मंडळींची मार्च-एप्रिलमधली झोप कुणामुळे उडते, हे त्यांनी आमच्या देवळात जाऊन एकदा विचारावं. परिषदेच्या विषयाशी माझ्या भाषणाचा संबंध एवढाच, तो मी लावून टाकला.

आश्रमात मूल आलं की आधी वही निघायची. कोणत्या दिवशी आलं, अंगावर काय होतं, दुपटं कसलं, सोबत चिठ्ठी होती का, गळ्यात काही होतं का, सगळं लिहायचं. मग कुठल्या गावच्या दूधआईकडे दिलं आणि तिला पैसे किती, हेही. कित्येक आया मुलाबरोबर अर्धं नाणं किंवा अर्धं पदक ठेवून जात. दुसरं अर्धं स्वतःजवळ, पुढे कधी परत न्यायला आलो तर जुळवून पाहायला. आश्रमाच्या संग्रहालयात या वस्तू लहान लहान खणांत ठेवल्या आहेत, आणि खण आपण आपल्या हातानं उघडायचा. मी एक उघडला. मधोमध वेड्यावाकड्या दातांनी कापलेलं पदक, बोटाच्या पेरापेक्षा मोठं नाही. दुसरा उघडायला मला थोडा वेळ लागला. फार गोड करून सांगत नाही, आत आलेल्यांपैकी कितीतरी मुलं वर्षाच्या आत दगावत. पण दगावलेलंही वहीत आहे. आश्रमाच्या नावावरून पडलेली आडनावं फ्लॉरेन्समध्ये आजही फिरतात. दारावर इन्नोचेन्ती, नोचेन्तीनी, देल्यीन्नोचेन्ती अशी पाटी दिसली की समजायचं, या घराण्याची सुरुवात कधीतरी त्या वहीपासून झाली. ओवरीच्या डाव्या टोकाला मूल ठेवायची जाळीची खिडकी होती, ती 1875 मध्ये बंद झाली. संस्था बंद झाली नाही. 1988 मध्ये युनिसेफचं संशोधन केंद्र इथेच सुरू झालं.

कमानींच्या मधे निळ्या गोलांत पट्ट्यांत गुंडाळलेली पांढरी बाळं दिसतील. ती आन्द्रेआ देल्ला रोब्बियाची, 1487 ची, चकचकीत भाजलेल्या मातीची. दोन्ही टोकांची दोन-दोन मात्र एकोणिसाव्या शतकात भरलेली. दहा अस्सल आणि चार नंतरची, ओळखून दाखवा.

आता बोर्गिनीबद्दल बोलायचं आहे. नाव काढलं की तरुण मंडळी विचारतात, मोटारवाला का? तो नव्हे. व्हिन्चेन्झो बोर्गिनी, बेनेडिक्टाइन साधू, 1552 पासून 1580 मध्ये मरेपर्यंत या आश्रमाचा प्रमुख. दिवसभर शेकडो पोरांच्या दुधाची आणि कपड्यांची व्यवस्था बघायची, आणि उरलेल्या वेळात जुन्या तोस्कान भाषेचा अभ्यास. चित्रकार व्हासारी त्याचा दोस्त. पालाझ्झो व्हेक्कियोच्या मोठ्या दालनाच्या छतावर कोणती चित्रं असावीत, याची कल्पना बोर्गिनीची. 1564 मध्ये मायकेलअँजेलोला फ्लॉरेन्सनं थाटात निरोप दिला, त्याचीही जुळवाजुळव यानंच केली. आणि याच माणसाच्या काळात आश्रम लोकांच्या ठेवी घेऊन व्याज देऊ लागला, पेढीच झाली म्हणा ना. 1579 मध्ये ती बुडाली. पोरांचं पोट कसं भरायचं हा प्रश्न रोजचा होता, आणि पुढच्या वर्षी बोर्गिनी गेला. त्याच्या ताळेबंदावर आपण उद्या चर्चासत्र ठेवा, अशी सूचना मी केली होती. कार्यक्रमपत्रिकेत ती दिसत नाही.

ओवरीच्या बरोब्बर समोर आणखी एक ओवरी आहे. शंभर वर्षं मधे गेली, 1516 मध्ये देवळाच्या सेर्वी साधूंनी समोरची बाजू बांधायला काढली आणि थोरला आन्तोनियो दा सांगाल्लो आणि बाच्चो द’आन्योलो यांना बोलावलं. दोघेही नावाजलेले. काहीतरी आपलं, नवं, डोळे दिपवणारं करून दाखवायची संधी होती. त्यांनी ब्रुनेलेस्कीची ओवरी जवळजवळ जशीच्या तशी समोर उभी केली. तोवर ती एक चांगली इमारत होती, या दोघांनी तिचा चौक केला. पुढे 1601 मध्ये देवळापुढेही तशाच कमानी आल्या, आणि तीन बाजू एका सुरात बोलू लागल्या. स्वतःची सही न करण्यात केवढी कारागिरी असते, हे मला या सांगाल्लोनं शिकवलं. माझ्या मते या गावातला सर्वांत मोठा वास्तुविशारद तोच. घुमटवाल्यांनी रागवू नये.

देवळाबद्दल थोडक्यात. 1250 मध्ये स्थापना. आतल्या चित्रात मेरीचा चेहरा चित्रकाराला जमेना, तो झोपला आणि देवदूतानं पूर्ण केला, अशी आख्यायिका. अंगणातली भिंतीवरची चित्रं आन्द्रेआ देल सार्तो, पोन्तोर्मो वगैरेंची. 7 सप्टेंबरच्या संध्याकाळी मुलं काठीला कागदी कंदील लावून याच चौकात येतात. आमच्या घरच्या दोन पिढ्यांतली मुलं गेली आहेत.

मधला घोडेस्वार म्हणजे पहिला फेर्दिनान्दो दे’ मेदिची. पुतळा जांबोलोन्याचा, पुरा केला शिष्य पिएत्रो ताक्कानं, 1608 मध्ये. कांस्य तुर्कांकडून पकडलेल्या तोफांचं. दोन्ही बाजूंची समुद्री राक्षसांची कारंजी ताक्कानं लिव्होर्नो बंदरासाठी केली होती, ती 1641 मध्ये इथे आली. आता लक्ष द्या. चौथऱ्याच्या मागच्या अंगाला कांस्याचा फलक आहे. मधे मोठी माशी, तिच्याभोवती वर्तुळांत लहान मधमाश्या. गावात अशी समजूत आहे की बोट न लावता त्या नजरेनं मोजता येत नाहीत. बोट लावायचं नाही हं. आकडा मला माहीत आहे, मी सांगणार नाही. ही परिषदेची अनधिकृत स्पर्धा आहे. बक्षीस माझ्या दुकानातलं पैशाचं पाकीट.

उद्या सकाळी कोल्हापूरकरांच्या आग्रहानं बस काशिने उद्यानाकडे जाईल. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 1870 मध्ये याच शहरात वारले, वयाची विशी नुकतीच उलटली होती. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथलं स्मारक चार्ल्स मॅंटनं आखलं, ज्यानं पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. जवळच्या पुलालाही इथले लोक ‘इंदियानो’ म्हणतात. चपला चालायला सोयीच्या घाला.

उणिवा पुष्कळ राहिल्या आहेत. हॉटेलच्या खोल्या लहान आहेत. या गावच्या भिंतींची जाडी पाहता उरलेली जागा तेवढीच. चहा इटालियन मुलांनी केला आहे, त्यांना आम्ही आलं दाखवलं, उकळणं दाखवलं, शेवटी एक वहिनी स्वतः पातेल्यापाशी उभ्या आहेत. कढीपत्ता मिलानहून येणार होता, तो अजून गाडीत आहे, म्हणून आजचे पोहे त्याच्याशिवाय. लिफ्ट एकच आहे आणि तिच्यात तिघं मावतात, चौथा शिरला तर ती रुसते. पडद्यावर अक्षरं पुसट दिसतील, तेव्हा वक्त्यांनी आकडे मोठ्यानं वाचावेत. गोड मानून घ्यावं.

देणग्यांबद्दल. भोजनाचा खर्च उचलणाऱ्या दात्यांनी नाव न घेण्याची अट घातली आहे. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत एवढंच सांगतो. ज्यांनी सभागृहाचं भाडं दिलं, ज्यांनी झोळ्या शिवून दिल्या, ज्या वहिनींनी रात्री दोनपर्यंत लाडू वळले, ज्या विद्यार्थ्यांनी स्टेशनवर फलक धरला, आणि ज्या इटालियन शेजाऱ्यानं आपलं गोदाम खुर्च्यांसाठी मोकळं करून दिलं, त्या सगळ्यांचे आभार. दातिनीनं मृत्यूनंतर दिलं, आमच्या दात्यांनी धडधाकट असताना दिलं, त्यांचा मान मोठा. पावत्या सगळ्यांना मिळतील. त्या माझ्या बाईंनी तपासल्या आहेत.

आता उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो. आणि जे गाडी घेऊन आलेत त्यांनी कृपया ऐका: जुन्या गावात सगळीकडे झेडटीएल आहे, म्हणजे परवानगी नसलेल्या गाडीला बंदी. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी कित्येक महिन्यांनी घरी येते. ती स्वागत समितीच्या खर्चात धरू नये.