शेवटच्या फळीचा हिशोब

(तालुक्याच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी आरा मशीनवर काम करणाऱ्या साथींनी मिळून केलेली मांडणी. बोलणं झालं तसंच उतरवून घेतलं आहे.)



काल दिवसभर जबरानजोतीच्या दाव्यांवर बोलणं झालं. आज आम्हाला आरा मशीनवर बोलायला सांगितलं. सकाळी एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "जमिनीच्या शिबिरात आरा मशीन काहून आणता?" बाबा, तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण हात वर करा म्हटलं तर या मांडवातल्या निम्म्या घरांचा एक तरी पोरगा आज कुठल्या ना कुठल्या आरा मशीनवर आहे. धान निघालं की रोजी शोधावी लागते. जंगल आपलं, झाड आपल्या डोळ्यांदेखत तुटतं, ट्रक भरायलाही आपणच, आणि त्याच झाडाच्या फळ्या पाडायलाही आपणच. बोटंही आपलीच जातात.

आम्ही इथं पाच जण बसलो आहोत. पाच जणांचे मिळून पन्नास बोटं व्हायला पाहिजेत. मोजून घ्या, अठ्ठेचाळीस आहेत.

तर आज फक्त एकाच गोष्टीवर बोलणार. शेवटची फळी. मशीनवर जे मोठे घोटाळे होतात, पट्टा आदळतो, तुटतो, दात उडतात, ते आमच्या पाहण्यात जास्त करून ओंडक्याच्या शेवटच्या फळीला होतात. त्याचं कारण नशीब नाही.

ज्यांनी मशीन पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. एक चाक वर, एक चाक खाली, त्यावर दातांचा लोखंडी पट्टा फिरतो, विहिरीच्या रहाटावर दोर फिरावा तसा. पट्ट्याच्या बाजूनं रूळ, रुळावर ट्रॉली. ट्रॉलीवर दोन नाहीतर तीन उभे लोखंडी टेकू असतात. ओंडका त्या टेकूंना पाठ लावून बसतो, आणि टेकूंतून निघालेले लोखंडी आकडे त्याला वरून-खालून चावून धरतात. ट्रॉली ढकलली की पट्टा ओंडक्याची एक फळी उतरवतो. मग टेकू फळीच्या जाडीइतके पुढे सरकवायचे, पुन्हा ट्रॉली, पुन्हा फळी. म्हणजे प्रत्येक फळीला लाकूड कमी होतं, आणि टेकू आणि आकडे पट्ट्याच्या जवळ येतात. पहिल्या फळीला पट्टा आणि लोखंड यांच्यात वीतभर लाकूड असतं. शेवटच्या फळीला बोटभरही राहत नाही.

आता आमच्यातल्या एकाची गोष्ट. मशीनचं नाव घेत नाही, मालकाचंही नाही. शनिवारची संध्याकाळ, वीज कधी जाईल भरवसा नाही, मालक खुर्ची टाकून समोर बसलेला. सागाचा चौरस केलेला ओंडका होता, साडेआठ इंचाचा. एक इंची फळ्या पाडायच्या होत्या. मालक म्हणे, सात फळ्या पाहिजेत, एक कमी चालणार नाही. मिस्त्रीनं बाहेरच्या बाजूनं पहिली फळी घेतली, दुसरी घेतली, सहा झाल्या. सातवीला ट्रॉली पुढे गेली आणि खाडकन् आवाज आला. आकड्याच्या टोकावर पट्टा बसला होता. तीन हात लांबीचे दात गेले, पट्टा तुटून टिनाच्या भिंतीवर आपटला. तिथं कोणी उभं नव्हतं. रोज त्याच जागी भुसा भरायला दोन बाया असतात, त्या त्या दिवशी लवकर घरी गेल्या होत्या.

मालकानं पट्ट्याचे पैसे दोन आठवड्यांच्या मजुरीतून कापले. आम्ही गप्प राहिलो. आम्हालाही तेव्हा वाटलं, आपलीच चूक आहे.

नंतर बसून हिशोब केला. आता तोच तुमच्यासमोर करतो, कारण यातच सगळं आहे.

एक इंच म्हणजे आठ सूत. साडेआठ इंच म्हणजे 68 सूत. पट्टा लाकडातून जातो तेव्हा एक सूत लाकूड भुसा होऊन जातं. म्हणजे एका इंची फळीला आठ नाही, नऊ सूत लागतात. बाहेरून सात फळ्या काढल्या तर सातीं नव्वं 63. 68 मधून 63 गेले, टेकूला चिकटून राहिले पाच सूत. आता आकडा टेकूच्या बाहेर किती आला होता? सहा सूत. म्हणजे सातव्या फळीच्या वेळी पट्टा टेकूपासून पाच आणि सहा सुतांच्या मधून चालला होता. बरोबर आकड्याच्या टोकातून. मिस्त्रीचा हात हलला नाही, लक्षही चुकलं नाही. पहिली फळी काढली तेव्हाच ठरलं होतं की सातवीला लोखंड लागणार.

आता तोच ओंडका उलटा मोजा, टेकूकडून. टेकूला चिकटलेली शेवटची फळी आठ सूत. तिच्या पुढे पट्ट्याचं एक सूत. मग फळी, मग पट्टा. सात फळ्यांचे 56, त्यांच्या मधले सहा काप, 62. उरले सहा सूत. त्यातलं एक सूत पट्ट्याला, आणि पाच सुतांचा छिलका बाहेरच्या बाजूनं सगळ्यात आधी उतरवायचा. फळ्या तितक्याच सात. काप तितकेच सात. पाच सुतांचा पातळ तुकडाही तितकाच. फरक एवढाच की तो तुकडा टेकूकडे न राहता बाहेर गेला. आणि शेवटचा काप टेकूपासून आठ सूत दूर राहिला. आकडा सहावर, पट्टा आठवर. दोन सुतांची जागा मिळाली.

मालकाचं एक घनइंच लाकूड गेलं नाही. पट्टा वाचला असता, आमची मजुरी वाचली असती.

सगळ्यांना आकडेमोड जमत नाही, आम्हालाही घाईत जमत नाही. म्हणून आम्ही बांबूची चिपाटी करतो. एका टोकाला टेकू समजायचं. त्या टोकापासून पहिली खाच एक इंचावर. दुसरी दोन इंच एक सुतावर. तिसरी तीन इंच दोन सुतावर. चौथी चार इंच तीन सुतावर. असंच पुढे, दर खाचेला एक इंच आणि एक सूत वाढवायचं. ओंडका ट्रॉलीवर चढला की चिपाटीचं टोक टेकूला लावायचं आणि ओंडक्याच्या डोक्यावर खडूनं खाचा उतरवायच्या. शेवटच्या खुणेच्या बाहेर जे उरेल तो पहिला छिलका. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हे येतं. आपल्या आया सुपाच्या काड्या मोजतात त्याहून हे काही अवघड नाही. दीड इंची फळीची चिपाटी वेगळी, दोन इंचीची वेगळी. भोक पाडून एका दोरीत ओवून ठेवा.

पण एक सांभाळा. तुमच्या मशीनचा पट्टा एकच सूत खातो असं धरून चालू नका. दात जास्त फाकवले असतील तर जास्त खातो. आधी एका टाकाऊ तुकड्याची जाडी मोजा, तो मधोमध कापा, दोन्ही भाग मोजून बेरीज करा. कमी भरेल तेवढं पट्ट्यानं खाल्लं.

दुसरी गोष्ट, ट्रॉलीवर जी मापाची पट्टी असते तिचा काटा. तो सैल होतो, वाकतो. पट्टी सांगते एक इंच आणि खरं असतं सहा सूत. सकाळी मशीन बंद असताना पट्टा आणि टेकू यांच्यातलं अंतर हातातल्या पट्टीनं मोजायचं, काट्याशी ताडून पाहायचं. तिन्ही टेकूंजवळ मोजायचं. एक टेकू पुढे असला तर फळी एका टोकाला जाड, एका टोकाला पातळ येते, आणि पातळ टोकाचा आकडा पट्ट्यात येतो. आकड्यांची टोकं लाल रंगानं रंगवा. शेवटच्या दोन फळ्यांच्या आधी ट्रॉली थांबवून आकडे जितके आत जातील तितके आत घ्या. काही मशीनवर आकडे झिजून बोथट झालेले असतात, आत घेतले की लाकूड धरत नाहीत, म्हणून मिस्त्री ते बाहेरच ठेवतो. ते आकडे बदलणं मालकाचं काम आहे. बोलायला घाबरू नका.

काही ठिकाणी पट्टा आडवा असतो आणि ओंडका खाली पलंगावर झोपलेला. तिथंही हिशोब हाच, फक्त टेकूच्या जागी पलंग धरायचा आणि खालून वर मोजायचं.

लाकूडही खोड्या करतं. निलगिरीचा ओंडका कापला की आतला ताण सुटतो आणि उरलेला भाग धनुष्यासारखा वाकतो. शेवटचा तुकडा पातळ, तो मधून टेकू सोडून पट्ट्याकडे येतो, नाहीतर काप मिटतो आणि पट्टा आवळला जातो. म्हणून अशा लाकडाच्या सगळ्या फळ्या एकाच बाजूनं काढू नयेत. अर्धं झालं की ओंडका फिरवून दुसऱ्या बाजूनं घ्या, आणि फिरवला की खुणा पुन्हा टेकूकडून करा. पट्टा अडकलाच तर चालू मशीनवर ट्रॉली मागे ओढू नका. पट्टा चाकांवरून उतरतो तो असाच. आधी बटण बंद. चाक पूर्ण थांबू द्या, बटण बंद केल्यावरही ते बराच वेळ फिरतं. मग कापात पाचर ठोका, मग मागे घ्या. आणि पट्टा आदळला असेल, पण तुटला नसेल, तरी तसाच चालवू नका. दातांच्या खाचेच्या तळाशी केसासारखी चीर पडते. तीच पुढच्या ओंडक्याला तुटते.

आता बोटांचं. बरेच मालक शेवटचा दोन-अडीच इंचाचा तुकडा ट्रॉलीवरून काढून छोट्या मशीनवर हातानं ढकलून चिरायला सांगतात. पट्ट्यासाठी ते चांगलं, कारण तिथं आकडे नाहीत. पण आकड्याच्या जागी आता तुमचा हात आहे. आमचे जे दोन बोटं गेले ते असेच गेले. तुकडा संपत आला, अंगठ्याच्या बळावर ढकलला, गाठ लागली, तुकडा उसळला. शेवटचा हातभर भाग हातानं ढकलायचाच नाही. दोन हात लांबीची, टोकाला खाच असलेली काठी ठेवा. पलीकडून ओढणाऱ्यानं पट्ट्याच्या रेषेत उभं राहू नये. बायांनी पदर खोचून घ्यावा, पोरांनी गळ्यातला दुपट्टा मशीनवर नेऊच नये.

बोटं गेली त्या दिवशी काय झालं ते ऐका. मुनीम दवाखान्यात घेऊन गेला, मलमपट्टीचे पैसे दिले, आणि तिथंच एका कोऱ्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा घेतला. पुढे त्या कागदावर लिहिलेलं निघालं की घरी लाकूड फोडताना जखम झाली.

म्हणून हे ध्यानात ठेवा. कामगार नुकसान भरपाईचा कायदा पहिल्यांदा 1923 मध्ये आला, आपल्या कितीतरी दाव्यांच्या आधी. कामावर, कामामुळे अपघात झाला तर साध्या चुकीसाठी भरपाई अडवता येत नाही. लक्ष नव्हतं, घाई केली, हे म्हणून मालक सुटत नाही. दारू प्यायला होता, किंवा मुद्दाम जाळी काढून टाकली, असं असलं तर मात्र तो वाद घालू शकतो. म्हणून जाळी कोणी काढली, कोणाच्या सांगण्यावरून काढली, ते त्याच दिवशी चार जणांसमोर बोलून ठेवा. कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के गेली असं धरतात, तर्जनी पूर्ण गेली तर 14, एका हाताची दोन बोटं गेली तर 20. दावा करायला दोन वर्षांची मुदत आहे. आम्ही शहाणे होईपर्यंत ती गेली होती.

आणि पट्ट्याचे पैसे? जिथं विजेवर दहा किंवा जास्त माणसं काम करत ते 1948 च्या मूळ कायद्यानं कारखाना ठरत होतं. तिथं मजुरी वाटपाचा 1936 चा कायदा लागू होता. नुकसानीबद्दल मजुरी कापायची तर ते नुकसान त्या मजुराच्या हयगयीनंच झालं असलं पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. आम्हाला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आज हा सुतांचा हिशोब आम्ही त्यांच्यासमोर मांडला असता. म्हणूनच मालक मस्टरवर नऊच नावं ठेवत होते. आमच्या मशीनवर आम्ही चौदा होतो.

जबरानजोतीच्या केसमध्ये आपण काय शिकलो? वनखात्यानं दंड केला त्याची पावती आपण शिव्या देत देत जपून ठेवली, आणि तीच पावती पुढे जमीन कसत होतो याचा पुरावा ठरली. मशीनवर पावती कोणी देत नाही, म्हणून ती आपणच तयार करायची. किती तारखेला कोण कोण कामावर होतं, किती मजुरी मिळाली, किती कापली, पोरांच्या शाळेच्या वहीत लिहा. पट्टा आदळला तर ओंडका हलवण्याआधी उरलेल्या तुकड्याची जाडी आणि आकड्याची लांबी मोजून लिहा. कोऱ्या कागदावर अंगठा नाही, दवाखान्यात तर नाहीच. डॉक्टरला स्वतः सांगा, आरा मशीनवर लागलं.

दुपारी प्रश्न घेऊ. मांडवामागे बिजाचा एक तुकडा ठेवला आहे, सव्वासात इंचाचा. खडू आणि चिपाट्याही आणल्या आहेत. ज्यांची पोरं मशीनवर आहेत त्यांनी जेवण झालं की तिकडे या. दीड इंची फळ्या किती निघतात आणि पहिला छिलका केवढा, ते आधी तुम्ही सांगायचं.