छोट्या ड्रम सेटवर टॉम कुठे बसवायचा? भोक पाडायच्या आधी हे ऐका

ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. थोडं बोलल्यासारखंच आहे, सांभाळून घ्या.

मी भंडारा जिल्ह्यातला, साकोलीकडचा. आपल्याकडे दिवाळी झाली की मंडई सुरू होते आणि तिच्यासोबत झाडीपट्टीची नाटकं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, चारही जिल्ह्यांत. नाटक रात्री सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं, आणि दुसऱ्या दिवशी गाव वेगळं. म्हणजे वादकाला सामान रोज लावायचं, रोज काढायचं आणि गाडीत टाकायचं. आजचा सगळा विषय या एका गोष्टीवर उभा आहे.

मी आणि माझ्या चुलतभावाने अर्धे-अर्धे पैसे टाकून एक जुना छोटा सेट घेतला. बास १८ इंची, टॉम १२ इंची, फ्लोअर टॉम १४ इंची. जॅझवाले वापरतात तोच माप. गाडीत बसतो आणि स्टेजच्या पुढच्या चिंचोळ्या जागेत मावतो. अडचण एकच होती, बास ड्रमला वरून भोकच नव्हतं. टॉमचा दांडा टाकायचा कुठे?

दादा म्हणाला, "भोक पाडून टाकू ना बे, वेल्डिंगवाल्याकडे ड्रिल आहे. किती वेळ लागते?"

मी म्हटलं, "दादा, पाडलेलं भोक परत बुजत नाही. थोडं थांब ना."

त्यावरून आमच्यात दोन दिवस बोलणं बंद होतं. सेट दोघांचा होता ना! मग ठरलं, आधी बाकीचे मार्ग करून बघायचे. तर मार्ग कोणते?

पहिला, बासवरच दांडा. जुनी आणि सगळ्यांना माहीत असलेली पद्धत. बीटल्सच्या रिंगो स्टारचा १९६३ चा लुडविगचा सेट आठवा. बास २० इंची आणि टॉम त्याच्यावरच. गंमत म्हणजे सेट लुडविगचा, पण टॉमचा होल्डर रॉजर्स कंपनीचा. म्हणजे होल्डर बदलून बघायचा किडा तेव्हापासून आहे. फायदा असा की स्टँड एक कमी लागतो आणि लावायला वेळ लागत नाही. छोट्या बासवर टॉम खालीही येतो: २२ इंची बास साधारण ५६ सेंटीमीटर उंच, १८ इंची ४६. दहा सेंटीमीटरचा फरक खांद्याला लगेच कळतो.

तोटा काय? छोटा बास हलका असतो. टॉमचं वजन आपल्या बाजूला पडतं, त्यामुळे बास आपल्याकडे झुकतो आणि त्याचे पुढचे पाय नीट टेकत नाहीत. मग प्रत्येक किकला तो पुढे सरकतो. दांडा बासच्या आत जितका जातो तितकी आतली जागा खातो. आणि शेलला भोक पडलं की विकताना भाव घसरतो.

दुसरा, झांजेच्या स्टँडला क्लॅम्प लावून टॉम लटकवायचा. आम्ही आधी हेच केलं, कारण स्टँड घरात होता. दोन गावं बरी गेली. तिसऱ्या गावी मारामारीचा सीन आला, मी जोरात रोल घेतला, आणि स्टँड राइडच्या झांजेसकट माझ्या अंगावर यायला लागला. एका हाताने वाजवतोय, दुसऱ्याने धरतोय! पुढच्या रांगेतली पोरं हसत होती, स्टेजवरचा खलनायक मात्र माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.

चूक माझीच होती. दोन गोष्टी चुकल्या. एक, स्टँडचे पाय एकेरी पट्टीचे होते. टॉम लटकवायचा तर दुहेरी पट्टीचे पाय हवेत. दोन, टॉम दोन पायांच्या मधल्या मोकळ्या बाजूला लटकत होता. तो नेहमी स्टँडच्या एका पायाच्या बरोबर वर यायला हवा. एवढं पाळलं तर ही पद्धत चांगली आहे, राइड आणि टॉम एकाच स्टँडवर जातात.

तिसरा, स्नेअरचा स्टँड. टॉम त्यात स्नेअरसारखा ठेवायचा, काही पाडायचं नाही, कसायचं नाही. आम्ही शेवटी नागपूरहून जुना स्नेअर स्टँड आणला. घेताना एक बघा: तीन हातांची पकड किती लहान होते? बरेच स्टँड १४ इंची स्नेअरसाठी असतात. १२ इंची टॉम बहुतेकांत बसतो, १० इंची खाली निसटू शकतो. टॉम सोबत घेऊनच दुकानात जा.

हातांची पकड आवळू नका. खालच्या रिमला घट्ट धरलं की आवाज लवकर मरतो. टॉम पडणार नाही इतकंच धरा. दुसरं, स्टँड बासच्या डाव्या कडेला उभा राहतो, तिथे हाय-हॅटचेही पाय असतात. दोन्हीचे पाय एकमेकांत अडकतात. मी आधी स्नेअर स्टँड लावतो, मग हाय-हॅटचे पाय त्याच्या फटीत फिरवून बसवतो. खाली सतरंजी टाकतो, तिच्यावर प्रत्येक पायाची खूण चिकटपट्टीने केलीय. स्टँडच्या नळीवरही उंचीची खूण आहे. आता अंधारातही सेट लागतो.

पद्धत कोणतीही घ्या, जागा अशी ठरवा: स्टुलावर बसा, डोळे मिटा, स्नेअरवरून हात सहज टॉमकडे न्या. काठी जिथे पडते तिथे टॉम आला पाहिजे. आणि तो फार तिरपा नको, नाहीतर काठीचं टोक चामड्यात घुसून खड्डे पडतात.

दादाचं अजूनही म्हणणं आहे की भोक पाडलं असतं तर लावायला निम्मा वेळ लागला असता. त्यात तो खोटा नाही. रोज एकाच जागी सेट ठेवणाऱ्याला, किंवा बासला आधीच भोक असलेल्याला, बासवरचा दांडाच सोपा. पण तीन मार्गांपैकी दोन आवडले नाहीत तर परत फिरता येतं. एकातून येत नाही. म्हणून तो शेवटी.

होळीपर्यंत आम्ही भोक न पाडता सीझन काढला. पुढच्या वर्षी दादाला वेगळा सेट घ्यायचाय, आणि या सेटमधला माझा अर्धा पैसा देऊन हाच ठेव म्हणतोय. शेल अख्खा आहे, म्हणून भावावर बोलणी तरी होताहेत.

तुमचा टॉम कशावर बसलाय, फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात बासला उशी किती भरायची ते बोलू. येतो!